वूडबर्निंग पेन: सामाईक कार्यशाळेत सुरक्षितपणे कसे वापरावे?

वूडबर्निंग पेन म्हणजे विजेवर तापणारे धातूचे टोक असलेले पेन. या टोकाने लाकूड किंवा बांबू हलकेच करपवून त्यावर अक्षरे, नक्षी किंवा चित्र काढतात. या कलेला पायरोग्राफी म्हणतात. विजेचे पेन येण्यापूर्वी हे काम विस्तवात तापवलेल्या लोखंडी हत्याराने होत असे. बस्तरमध्ये बांबूच्या बासऱ्यांवर आणि वाळलेल्या भोपळ्यांवर अशी नक्षी आजही काढली जाते.

फार्महाउसची पाटी, लाकडी ट्रे, बांबूचा पेला अशा वस्तूंवर हे काम सहज करता येते. पेन आणि टोकांचा साधा संच फारसा महाग नसतो. त्यामुळे बचत गट, कॉलेजचे कला मंडळ किंवा काही मित्र मिळून एखाद्या शेडमध्ये हे काम सुरू करतात. हा लेख अशा सामाईक शेडसाठी आहे. उदाहरणे रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत.

घरी एकट्याने पेन वापरताना धोका मुख्यतः स्वतःला असतो. सामाईक शेडमध्ये तो शेजाऱ्याला, आपल्यानंतर त्या जागी बसणाऱ्याला आणि कुलूप लावल्यानंतर पूर्ण शेडला असतो. म्हणून नियम ठरवताना "पेन कसे धरावे?" याइतकाच "पेन खाली ठेवल्यावर काय?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

पेन किती तापते?

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची पेने मिळतात.

*भरीव टोकाचे पेन:* हे सोल्डरिंग आयर्नसारखे दिसते आणि थेट २३० व्होल्टच्या प्लगला लागते. साधारण २५ ते ६० वॅटचे असते. टोक तापायला ३ ते ५ मिनिटे लागतात आणि ते ४०० ते ५५० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. बंद केल्यावर पुरते थंड व्हायला १५ ते ३० मिनिटे लागतात. स्वस्त पेनांवर अनेकदा वेगळे बटण नसते. प्लग लावला की पेन सुरू होते.

*तारेच्या टोकाचे पेन:* याला वेगळा डबा असतो. डब्यातला ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब काही व्होल्टपर्यंत उतरवतो. टोक काही सेकंदांत तापते, साधारण मिनिटभरात निवते, आणि उष्णता कमी-जास्त करता येते. किंमत जास्त असली तरी अनेकांच्या वापरासाठी हा प्रकार बरा.

लाकूड साधारण २०० अंशांच्या पुढे करपू लागते. जवळ ज्योत किंवा ठिणगी असेल तर ३०० अंशांच्या आसपास ते पेटू शकते. म्हणजे पेनचे टोक लाकूड पेटण्याच्या तापमानाच्या वरच काम करत असते. हात सतत फिरता असल्यामुळे लाकूड पेटत नाही, नुसते करपते. तेच टोक एका जागी पडून राहिले तर गोष्ट बदलते.

आणखी एक बाब: धातू साधारण ५०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय लाल दिसत नाही. त्यामुळे ४०० अंशांवरचे टोक आणि थंड टोक दिसायला सारखेच असते. शेडमधले प्रत्येक पेन गरमच आहे असे धरून चालणे हा पहिला नियम.

लाईट गेली की प्लग काढा

कर्जत-खालापूर भागात पावसाळ्यात वाऱ्या-पावसाने वीज खंडित होणे नवीन नाही. पेनच्या बाबतीत यातून एक वेगळाच धोका तयार होतो.

संध्याकाळी काम चालू असताना लाईट जाते. थोडा वेळ वाट पाहून सगळे उठतात आणि कुलूप लावून घरी जातात. पेन बाकावर, प्लग बोर्डात आणि बटण चालू. रात्री लाईट परत येते. कोणी नसलेल्या शेडमध्ये पेन पुन्हा तापते. ते स्टँडवर नसेल, भुशात किंवा कागदावर पडलेले असेल, तर आग लागण्यासाठी आणखी काही लागत नाही.

यावर तीन उपाय आहेत. एक करणे आवश्यक, तिन्ही केल्यास उत्तम.

१. लाईट जाताच प्रत्येकाने आपला प्लग बोर्डातून काढायचा. नुसते बटण बंद करून थांबायचे नाही. अंधारात बटण चालू की बंद हे कळत नाही, काढलेला प्लग मात्र हाताला कळतो.

२. पेनांसाठी स्वतंत्र बोर्ड आणि त्याला एकच मुख्य स्विच ठेवायचा. शेवटी बाहेर पडणारा तो बंद करतो. बोर्डावर लाल इंडिकेटर असावा आणि तो दारातून दिसावा.

३. इलेक्ट्रिशियनकडून या बोर्डाला पुश-बटणाचा कॉन्टॅक्टर बसवून घ्यायचा. वीज गेली की तो सुटतो, आणि वीज परत आली तरी कोणीतरी बटण दाबेपर्यंत पुरवठा सुरू होत नाही. सुतारकामाच्या मोठ्या यंत्रांच्या स्टार्टरमध्ये हीच सोय असते. ते जमत नसेल तर ठराविक वेळाने आपोआप बंद होणारा काउंटडाउन टायमर प्लगला लावावा.

धूर कोणाच्या नाकात जातो?

लाकूड करपताना निघणाऱ्या धुरात अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिन यांसारखे पदार्थ असतात. घरात लाकूडफाटा जाळल्याने होणाऱ्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने "बहुधा कर्करोगकारक" गटात ठेवले आहे. लाकडाची बारीक धूळ आणि फॉर्मल्डिहाइड तर "कर्करोगकारक" या पहिल्या गटात आहेत. पेनचा धूर चुलीच्या मानाने थोडा असतो, पण काम करणाऱ्याचा चेहरा त्यापासून वीतभर अंतरावर असतो आणि बैठक तास-दोन तासांची असते.

सामाईक शेडमध्ये आणखी एक अडचण येते. पंखा लावून आपल्या तोंडावरचा धूर उडवला की तो शेजाऱ्याच्या तोंडावर जातो. म्हणून:

- पंखा धूर ढकलण्यासाठी न लावता ओढण्यासाठी लावा. खिडकीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन बसवा आणि पेनांची जागा त्याच खिडकीशी ठेवा. समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी हवी, नाहीतर आत ताजी हवा येणार नाही.
- बाक भिंतीला लावून सगळ्यांची तोंडे एक्झॉस्टकडे करा. समोरासमोर बसवू नका.
- टोकावर थेट वारा येऊ देऊ नका. टोक गार पडते, मग माणूस उष्णता वाढवतो आणि धूर आणखी होतो.
- सतत धूर दिसत असेल तर उष्णता जास्त आहे. कमी उष्णतेवर, हळू हाताने तपकिरी रेघ काढणे प्रकृतीला आणि नक्षीलाही चांगले.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा ओढणी हा धूर अडवत नाही. एन९५ मास्क सूक्ष्म कण बऱ्यापैकी अडवतो, वायू अडवत नाही. वायूसाठी कार्बनचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. पण मास्क हा खिडकीला पर्याय नाही.

खरी कसोटी जून ते सप्टेंबरमध्ये लागते. या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. झड आत येते म्हणून खिडक्या लावल्या जातात, आणि त्याच दिवसांत लाकूडही हवेतला ओलावा धरते. ओलसर लाकूड नीट करपत नाही, म्हणून लोक उष्णता वाढवतात. परिणामी बंद शेडमध्ये जास्त धूर होतो. एक्झॉस्टच्या वर बाहेरून पत्र्याची पडवी काढली तर झड अडते आणि खिडकी उघडी राहते. तेही जमत नसेल तर मुसळधार पावसाच्या दिवशी पेन बंद ठेवून रेखाटन आणि इतर कामे करावीत.

डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, घसा खवखवणे, मळमळणे यांपैकी काही एकालाही जाणवले तर सर्वांनी पेन थांबवून शेड मोकळी करावी. दमा असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी या बाकाजवळ बसू नये.

कोणते लाकूड चालते, कोणते नाही?

रंग, पॉलिश, लॅमिनेट आणि रसायन न लावलेले, नीट वाळलेले लाकूड वापरायचे. शिवण आणि हेद यांचे लाकूड फिकट रंगाचे आणि एकसारखे असल्याने त्यावर रेघ चांगली उठते. सागावरही काम होते, पण सागाच्या धुळीने काहींच्या त्वचेला आणि नाकाला त्रास होतो.

खालील गोष्टींवर पेन चालवू नये:

*बिब्बा:* बिब्बा अंगावर उततो हे गावात सगळ्यांना माहीत असते. त्यातल्या तेलकट द्रव्याने त्वचेवर फोड येतात. धुरातून ते डोळ्यांना आणि घशालाही त्रास देऊ शकते. रानातून आणलेला ओंडका कोणत्या झाडाचा हे ओळखता आले नाही, तर तो वापरू नये. काजू आणि आंबा बिब्ब्याच्याच कुळातले आहेत. वाळलेले आंब्याचे लाकूड सर्रास वापरले जाते, तरी ज्यांना आंब्याच्या चिकाने पुरळ येते त्यांनी जपावे.

*कण्हेर:* हिचे सगळे भाग विषारी आहेत आणि धूरही घातक आहे.

*एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, प्लायवूड:* यांत लाकडाचा भुसा किंवा पातळ थर डिंकाने चिकटवलेले असतात. या डिंकात बहुधा फॉर्मल्डिहाइड असते. हौशी कामासाठी कापलेल्या तयार पाट्या अनेकदा एमडीएफच्या असतात. विकत घेताना विचारावे.

*जुन्या घराच्या रंगवलेल्या फळ्या:* जुन्या तेलरंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगावर पेन चालवू नये. तो रंग कोरडा घासूनही काढू नये, कारण धूळ पोटात जाते.

*कारखान्यांतील पॅलेट:* खालापूर तालुक्यात आणि खोपोली परिसरात कारखाने बरेच असल्याने जुनी पॅलेट स्वस्तात मिळतात. निर्यातीच्या पॅलेटवर रोमन लिपीतला शिक्का असतो. "एचटी" म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले, तर "एमबी" म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. एमबीचे लाकूड घेऊ नये. एचटी असले तरी त्यावर आधी काय सांडले होते हे शिक्का सांगत नाही. डाग असलेले, वास येणारे किंवा रसायनांच्या पिंपांखाली राहिलेले पॅलेट नाकारावे.

*प्रक्रिया केलेले लाकूड आणि बांबू:* कीड लागू नये म्हणून काही लाकडांना तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेले द्रावण देतात. त्याची छटा हिरवट दिसते. ते जाळल्यास आर्सेनिक धुरात येते. बांबूला अनेकदा बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सची प्रक्रिया करतात, ती तुलनेने सौम्य आहे. पण काही ठिकाणी तांबे-क्रोमियमचे द्रावणही वापरतात. म्हणून बांबू आणताना कोणती प्रक्रिया केली आहे हे विचारून फळीवर किंवा गठ्ठ्यावर चिठ्ठी लावावी. चिठ्ठी नसलेला माल पेनच्या बाकावर येऊ देऊ नये.

बाक, वीज आणि भुसा

पाच पेने एका बोर्डावर लावली तरी ४० वॅटप्रमाणे २०० वॅट होतात, म्हणजे एक अँपिअरपेक्षा कमी. त्यामुळे भार हा प्रश्न नसतो. ढिले सॉकेट, अर्थिंग नसणे आणि गरम टोक वायरला लागणे हे खरे प्रश्न. घरगुती वायरचे पीव्हीसी आवरण साधारण ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असते. टोक टेकल्यास ते काही सेकंदांत वितळते आणि आतली २३० व्होल्टची तार उघडी पडते.

- वायर बाकाच्या मागच्या कडेने न्यावी, हाताखालून किंवा मांडीवरून नाही.
- बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गळती होताच तो पुरवठा तोडतो. महिन्यातून एकदा त्यावरचे "टेस्ट" बटण दाबून पाहावे.
- शेडचा कोबा ओला असेल तर पायाखाली रबरी मॅट किंवा कोरडी फळी ठेवावी आणि चप्पल घालून बसावे.
- परदेशातून आणलेल्या संचावरचे व्होल्टेज वाचावे. ११० व्होल्टचे पेन २३० व्होल्टला लावल्यास ते चौपटीहून जास्त वीज खेचते आणि जळते.
- प्रत्येक पेनला जड धातूचा स्टँड हवा आणि त्याखाली चिनी मातीची टाइल. वर्तमानपत्र अंथरू नये.

भुसा ज्योत न दिसता तासन् तास धुमसू शकतो. दिवसा पडलेली ठिणगी रात्री पेट घेते ती अशी. म्हणून रंधा, करवत आणि पॉलिश पेपरचे काम पेनच्या बाकापासून दूर आणि वेगळ्या वेळी करावे. पेन लावण्याआधी बाक झाडावा. भुसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून रोज बाहेर न्यावा. शेडला लागून पेंढ्याची गंज असेल तर ती हलवावी.

थिनर, टर्पेंटाइन आणि फ्रेंच पॉलिश पेन चालू असताना उघडू नये. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात त्या अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात, त्यासाठी पेनचीही गरज लागत नाही. अशी फडकी बाहेर पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावीत.

पेन हाताळताना

- पेन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाही. पहिल्याने स्टँडवर ठेवायचे, दुसऱ्याने उचलायचे.
- पेन पडले तर झेलायचे नाही. हात मागे घ्यायचा आणि आधी प्लग काढायचा.
- टोक बदलण्याआधी प्लग काढून पूर्ण निवू द्यावे, मग पकडीने फिरवावे. गरम टोक पाण्यात बुडवू नये.
- केस बांधावेत आणि ओढणी किंवा पदर खोचावा. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून त्वचेला चिकटतात, म्हणून सुती कपडे घालावेत.
- मुलांना शिकवताना एका मोठ्या माणसाने एकाच मुलाशेजारी बसावे.

भाजले तर

भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. सूज येण्याआधी अंगठी, बांगडी, घड्याळ काढावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैल झाकावे.

तळहातापेक्षा मोठे भाजले असेल, चेहरा, सांधे किंवा डोळ्यांजवळ भाजले असेल, त्वचा पांढरी किंवा काळी पडली असेल, किंवा विजेचा धक्का बसला असेल तर थेट रुग्णालयात जावे. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. गंभीर भाजल्याच्या उपचारांसाठी नवी मुंबईत ऐरोली येथे नॅशनल बर्न्स सेंटर आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१ आणि कोणत्याही आपत्तीत ११२.

आग लागल्यास आधी मुख्य स्विच बंद करावा. वीज चालू असताना पाणी मारू नये. दाराजवळ एबीसी पावडरचे अग्निशामक नळकांडे आणि वाळूची बादली असावी. बंब शहरातून वाडीपर्यंत येईस्तोवर वेळ जातो. म्हणून पहिल्या काही मिनिटांत काय करायचे हे सर्वांना माहीत हवे. आग नळकांड्याने आटोक्यात येत नसेल तर सामानाचा मोह सोडून बाहेर पडावे.

शेवटचा अर्धा तास

कारखान्यात वेल्डिंगसारखे "हॉट वर्क" झाल्यावर अर्धा ते एक तास कोणीतरी त्या जागी पहारा ठेवतो. खोपोलीकडच्या कारखान्यांत काम केलेल्यांना ही पद्धत परिचित असेल. पेनच्या शेडलाही तीच लावावी. शेवटचे पेन बंद झाल्यानंतर किमान अर्धा तास कुलूप लावू नये. त्या वेळात झाडलोट करावी, बाकाखाली हात आणि नाक नेऊन गरम जागा किंवा धुराचा वास नाही ना हे पाहावे.

दारावर लावण्यासाठी पुढील पाटी उपयोगी पडेल:

१. प्रत्येक पेन गरम आहे असे समजा.
२. पेन हातात किंवा स्टँडवर, तिसऱ्या जागी नाही.
३. जागा सोडताना प्लग काढा, दोन मिनिटांसाठी असले तरी.
४. लाईट गेली की प्लग काढा.
५. एक्झॉस्ट बंद तर पेन बंद.
६. चिठ्ठी नसलेले लाकूड बाकावर नको.
७. पेन चालू असताना रंधा, थिनर, पॉलिश नको.
८. शेवटच्या पेननंतर अर्धा तास थांबा, मुख्य स्विच बंद करा, वहीत वेळ लिहून सही करा.

आठवा नियम सगळ्यात आधी मोडला जातो, कारण त्या वेळी प्रत्येकाला घरी जायची घाई असते. त्यासाठी आठवड्याची पाळी लावून रोज एकाचे नाव ठरवून ठेवावे. "कोणीतरी बघेल" असे सगळ्यांनी म्हटले की कोणीच बघत नाही.

नेहमीचे प्रश्न

*सोल्डरिंग आयर्न वापरले तर चालेल का?* नवे असेल तर शिकण्यापुरते चालेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात वापरलेले नको, कारण त्याच्या टोकाला शिसे असलेले सोल्डर लागलेले असते.

*हातमोजे घालावेत का?* जाड मोज्यांनी पकड सुटते. पेनला रबर किंवा कॉर्कची मूठ असणे आणि बोटे टोकापासून दूर ठेवणे जास्त उपयोगी. पेन धरलेला हात तापू लागला तर पेन स्टँडवर ठेवून थोडे थांबावे.

*खिडकी उघडी आहे, मग एक्झॉस्ट लागतोच का?* एकच माणूस थोडा वेळ काम करत असेल तर खिडकी पुरू शकते. दोघे-तिघे बसत असतील तर नुसत्या खिडकीतून धूर कोणाकडे जाईल हे वारा ठरवतो. अशा वेळी एक्झॉस्ट हवाच.